मातृभाषेचा रकाना

शाळाप्रवेशाच्या अर्जात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. पालक तो भरतात, अर्ज दप्तरी जातो आणि पुढे त्याकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही. कलबुर्गीत तरी तो पहिल्याच दिवशी वाचला जावा, असे आम्हांस वाटते.

येथे एकाच बाकावर कन्नड, मराठी, दखनी व लमाणी बोलणारी मुले बसतात. निजामाच्या अमदानीत, १९४८ पर्यंत, वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून असे. आमच्या आजोबा-पणजोबांची हुशारी त्याच मापाने मोजली गेली. १९५६ साली हा जिल्हा म्हैसूर राज्यात आला. पुढे २०१५ च्या कायद्याने राज्यातील शाळांत कन्नड आवश्यक ठरली. त्यास आमची यत्किंचितही ना नाही. ज्या मातीचे अन्न खावे तिची भाषा यावयासच हवी. आमचे म्हणणे निराळे आहे.

गणिताच्या तासाला फळ्यावर ‘कळेयिरि’ असे लिहिलेले असते. कन्नडात याचा अर्थ ‘वजा करा’. मराठी घरातील मुलास त्यात आपले ‘कळणे’ दिसते, आणि नेमके तेच न कळल्याने ते स्वस्थ बसून राहते. लगेच ‘मंद’ असा शेरा! तेच उदाहरण गुरुजींनी मराठीत घालून पाहावे. सुटले, तर उणीव भाषेची आहे, बुद्धीची नव्हे. मग शिकवणी कन्नडची द्यावी, मुलास मागच्या इयत्तेत बसवू नये. ही पारख दर सहामाहीस पुन्हा व्हावी, कारण तेवढ्या अवधीत मूल गल्लीत विटीदांडू खेळतानाच बरेचसे कन्नड उचलते.