डोंगरावरचा शिक्षक

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यांत मोठ्या चिंतेनें आमच्याकडे आले. त्यांचा वडील मुलगा इंजिनिअरिंगची पदवी घेऊन घरीं आला आहे. नोकरीचीं दोन बोलावणीं हातांत आहेत. आणि चिरंजीव म्हणतात कीं, मला डोंगरांत मुलांना नेऊन शिकविणारा शिक्षक व्हावयाचें आहे. "अहो, हा काय धंदा झाला? सुटीच्या दिवशीं करावयाची गोष्ट ती! पोराला तुम्हीं दोन शब्द सांगा," असें त्यांचें म्हणणें. आम्ही ते शब्द मनांत जुळवीत होतों, इतक्यांत बोलण्याच्या ओघांत त्यांनीं सांगितलें कीं, धाकटी मुलगी शाळेच्या शिबिरास गेली आहे. कोठें? पोलादपूरकडे, कुडपणला. बरोबर कोण? "असतील त्या शिबिरवाल्यांचीं कोणी पोरें. मोठीं हुशार असतात म्हणे."

त्या क्षणीं आमचे दोन शब्द मुलाऐवजीं बापासच सांगावे असें आम्हांस वाटलें. आणि ते दोनांवर भागणार नाहींत हें दिसल्यामुळें हा लेख लिहीत आहों.

एकाच घरांतला एक मुलगा जो धंदा करूं म्हणतो तो धंदाच नव्हे, आणि त्याच घरांतल्या मुलीचा जीव मात्र तोच धंदा करणाऱ्या कोणा अनोळखी तरुणाच्या हातीं निश्चिंतपणें दिलेला, ही विसंगति त्या एका गृहस्थाची असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. ती आमच्या सबंध वर्गाची आहे. गणिताची शिकवणी ठेवावयाची तर मास्तरांची पदवी आम्ही दोनदां विचारतों. दांत काढावयाचा तर डॉक्टरांच्या भिंतीवरील प्रमाणपत्र खुर्चींत बसल्या बसल्या वाचून घेतों. परंतु दीडशें फुटांच्या कड्याच्या कांठावर आपल्या मुलीच्या कमरेला दोर बांधणाऱ्या तरुणास ती गांठ कोणीं शिकविली, हें विचारण्याची आम्हांस आठवण होत नाहीं. आम्ही विचारतों तें हें कीं, जेवण शाकाहारी आहे ना, आणि मागच्या वर्षींपेक्षां वर्गणी कां वाढली?

कुडपण ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. पोलादपूर तालुक्यांतलें हें गांव सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या कुशींत आहे. प्रतापगड आणि जावळीचें रान त्याचे शेजारी. पावसाळ्यांत तेथील धबधबा आणि भीमाची काठी या नांवानें प्रसिद्ध असलेला सुळका पाहावयास मुंबई-पुण्याकडील मंडळींची रीघ लागते. या भागाच्या माथ्यावर महाबळेश्वर; तेथें वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि पश्चिमेकडे कोसळणारें पाणी पोलादपूरच्या ओढ्यानाल्यांतून सावित्रीस मिळतें. म्हणजे आपण उभे असूं तेथें लख्ख ऊन असतें, आणि आपल्याकडे येणारें पाणी त्याच वेळीं दोन हजार फूट वर पडत असतें. हें एक वाक्य ज्याला कळलें त्याला या मुलखांतील पावसाळी डोंगर अर्धा कळला असें आम्ही समजतों.

आम्हांस तें कळलें तें पुस्तकांतून नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांत चाळीसएक मंडळींच्या एका तुकडीबरोबर आम्ही त्या बाजूस गेलों होतों. नायक बाविशींतला, उमदा, कष्टाळू. हिमालयांतील चार आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेला आणि त्याचें पदक अभिमानानें छातीवर लावणारा. परतीच्या वाटेवर एक ओढा आडवा आला. सकाळीं घोट्याइतका होता, आतां गुडघ्याला लागला. नायकानें शिकविल्याप्रमाणें दोन्ही कांठांच्या झाडांना दोर बांधण्यास आरंभ केला. गांठी निर्दोष होत्या. आमच्याबरोबर भाकऱ्यांचें टोपलें घेऊन आलेले गांवांतले एक म्हातारे बाबा होते. ते पाण्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, दोर नको बांधू. पानी बघ की कसं लाल आलंय, वाळला पाला घेऊन आलंय. वर पाऊस लागलाय. बसा घटकाभर." नायक घुटमळला, मागें चाळीस माणसें घरीं जाण्याच्या घाईंत, तरी तो थांबला, ही त्याची थोरवी. अर्ध्या तासांत, ज्या खडकावर बसून आम्हीं चहा घेतला होता तो खडक दिसेनासा झाला. पुढें अडीच तास आम्ही कांठावर भिजत बसलों, आणि कोणी एक शब्द बोललें नाहीं.

त्या दिवशीं बाबांना मिळाले ते भाकऱ्या पोंचविल्याचे पैसे. नायकाचें मानधन नायकाला मिळालें. आमच्या मतें या व्यवसायाच्या शिक्षणाचा सारा प्रश्न या दोन रकमांत सांठविलेला आहे.

हिमालयांतील संस्थांना दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. १९५३ सालीं तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोंचले आणि पुढच्याच वर्षीं दार्जिलिंगला हिमालयन मौंटेनियरिंग इन्स्टिट्यूट निघाली. तेथील प्रत्यक्ष क्षेत्रशिक्षणाची धुरा तेनसिंगांकडेच आली. १९६५ सालीं उत्तरकाशीस नेहरू इन्स्टिट्यूट स्थापन झाली. आमच्या कित्येक मराठी मुलामुलींनीं तेथें जाऊन नांव काढलें आहे. या संस्थांचा क्रम पायऱ्यांचा आहे. पहिला मूलभूत अभ्यासक्रम सुमारें चार आठवड्यांचा. त्यांत 'अ' श्रेणी मिळाली तरच प्रगत अभ्यासक्रमास प्रवेश. आणि तेथेंही 'अ' श्रेणी मिळविणारासच शिकवावें कसें याचा तिसरा अभ्यासक्रम. म्हणजे ज्यास संस्था स्वतः शिक्षक समजते तो तिसऱ्या पायरीवरचा मनुष्य. पहिली पायरी चढून आलेल्यास संस्थेनें चांगला विद्यार्थी म्हटलें, आणि आमच्या शिबिरवाल्यांनीं त्याला गुरु करून टाकलें!

शिवाय तेथें शिकावयाचें तें बर्फ, हिमनदी, विरळ हवा. सह्याद्रि वेगळ्या रीतीनें मारतो. येथील काळा पाषाण उन्हाळ्यांत खरखरीत आणि विश्वासाचा वाटतो, व त्याच पाषाणावर आषाढांत शेवाळाचा असा लेप चढतो कीं बूट आणि साबण यांत भेद राहत नाहीं. कड्याच्या माथ्यावर वितभर माती आणि तिच्यावर हिरवें गवत. गवताला हात घालणारा मातीसकट खालीं येतो. घसाऱ्यावर पुढच्यानें सोडलेला धोंडा मागच्याच्या डोक्याचा वेध घेतो. धुकें उतरलें कीं ठाऊक असलेल्या पठारावर मनुष्य गोल गोल फिरतो. कड्यांना आग्या मोहोळ लटकलेलें असतें आणि खालून कोणी शहाणा धूर करतो किंवा अत्तर लावून येतो. आणि वैशाखांत, पाण्याची बाटली रिकामी झालेली असतां, चालणारा मुलगा एकाएकीं विनोद करावयाचा थांबतो; तें थांबणें हें उष्माघाताचें पहिलें चिन्ह असूं शकतें, हें ज्याच्या ध्यानांत येतें तो शिक्षक. दोराची गांठ आठवड्यांत येते. एवढें पाहण्याची नजर यावयास निदान वर्षाचे सगळे ऋतु डोंगरांत काढावे लागतात, आणि तेही कोणा जाणत्याच्या मागून.

"आमच्या लहानपणीं कोठें होते हे शिक्षक? आम्ही गड चढलों नाहीं का?" असें आमच्यापैकीं वडील मंडळी म्हणतील. चढलों. पण कसे, तें आठवा. पांच-सहा जण जात होतों. पायथ्याच्या गांवीं मुक्काम पडे. पाटलाला सांगून कोणी एक वाटाड्या बरोबर घेत होतों आणि तो "आज नको" म्हणाला तर जात नव्हतों. शिक्षक होता, त्याला आम्ही शिक्षक म्हणत नव्हतों इतकेंच. आतां पांचांचे पन्नास झाले, वाटाड्याची जागा मोबाइलवरील नकाशानें घेतली, आणि "आज नको" म्हणणारा कोणी उरला नाहीं. कारण बसचे पैसे भरलेले असतात.

सुधारलेल्या देशांत हें ज्ञान आपोआप आलें असें मानण्याचें कारण नाहीं. १९९३ सालच्या मार्च महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम उपसागरांत शाळेच्या मुलांची एक तुकडी लहान होड्या घेऊन गेली आणि चार मुलें बुडालीं. त्या केंद्रांत आधीं काम केलेल्या दोन शिक्षकांनीं तेथील व्यवस्था धोक्याची असल्याचें मालकांस लेखी कळविलें होतें. खटला झाला, संचालक तुरुंगांत गेला, आणि १९९५ सालीं पार्लमेंटनें मुलांसाठीं असे उपक्रम चालविणाऱ्या केंद्रांवर परवान्याचा कायदा केला. चार मुलांच्या किंमतीस आलेला कायदा तो. त्याच देशांत उन्हाळी डोंगरांत गट नेऊं इच्छिणाऱ्यास सहा दिवसांच्या प्रशिक्षणास बसण्यापूर्वीं किमान वीस दिवसांची भरघोस डोंगरभटकंती वहींत नोंदलेली दाखवावी लागते. आणि त्यानंतर पांच दिवसांच्या परीक्षेस येण्यापूर्वीं असे किमान चाळीस दिवस भरावे लागतात. दिवसांचा हिशेब वाचकांनीं नीट पाहावा. वर्गाचे दिवस थोडे, डोंगराचे दिवस पुष्कळ. आणि हें कोणत्या डोंगरांसाठीं? ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर आमच्या कळसूबाईहून सुमारें तीनशें मीटरांनीं ठेंगणें आहे.

आमच्याकडे कागद नाहींत असें नाहीं. राज्यशासनानें २०१४ व २०१८ सालीं नियम काढले, २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आणि असे उपक्रम चालविणाऱ्यांनीं नोंदणी करावी असें सांगितलें. मुंबईचें गिरिविहार १९५४ पासून काम करीत आहे. पुण्याच्या गिरिप्रेमींनीं तर गिर्यारोहण शिकविणारी संस्थाच उभी केली. परंतु नोंदणी संस्थेची होते; ओढ्याच्या कांठीं निर्णय घेतो तो मनुष्य. त्या मनुष्याची तयारी कोठें, किती दिवस, कोणाच्या हाताखालीं व्हावी, या प्रश्नाकडे आम्ही पालक ढुंकून पाहत नाहीं, म्हणून शिबिरवालेही पाहत नाहींत.

आतां भीति अशी कीं, उद्यां प्रमाणपत्राचा आग्रह धरला तर पहिला बाहेर काढला जाईल तो बाबांसारखा मनुष्य. त्याच्यापाशीं कागद नाहीं. उत्तरकाशीस जाण्यास पैसा नाहीं. इंग्रजींत परीक्षा देण्याची सोय नाहीं. हें होऊं देऊं नये. शिक्षकाचें शिक्षण कुडपणसारख्या गांवांतच व्हावें, उमेदवारानें तेथें पावसाळा, हिंवाळा आणि उन्हाळा काढावा, आणि त्याला पसंत-नापसंत करणाऱ्यांत गांवचा जाणता मनुष्य मानधन घेऊन बसावा. प्रथमोपचार, दोराचीं यंत्रें, घाबरलेल्या मुलाशीं बोलावें कसें, तुकडीचा हिशेब, हें शहरांतल्या शिक्षकानें गांवच्या पोरांना शिकवावें. ओढा, वाट, मोहोळ आणि आभाळ गांवानें शहरच्या पोरांना शिकवावें. या तालुक्यांतल्या घराघरांतून कर्ते तरुण मुंबई-पुण्याच्या वाटेला लागलेले आहेत. त्यांतल्या दहापांचांना तरी परत येऊन मानानें जगतां येईल असा हा धंदा आहे, आणि आम्ही त्यांस भाकऱ्या वाहावयास लावतों.

या मातीचें मोल आम्हांस ठाऊक नाहीं असें कसें म्हणावें? तानाजी मालुसऱ्यांचें उमरठ याच तालुक्यांत. शेलारमामांचें गांव तर कुडपणच असें तेथील लोक सांगतात. १६७० सालीं सिंहगडाचा कडा रात्रीं चढून जाणाऱ्या माणसांचे पोवाडे ऐकतांना आमच्या डोळ्यांत पाणी येतें. (घोरपडीची कथा इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं, पण दोर आणि तो चढणारीं माणसें खरीं होतीं.) व्याख्यान संपवून आम्ही घरीं येतों, आणि मुलगा दोर हातांत घेतों म्हणाला कीं आम्हांस त्याच्या लग्नाची काळजी पडते.

२८ जुलै २०१८ रोजीं पोलादपूर-महाबळेश्वर रस्त्यावरील आंबेनळी घाटांत दापोलीच्या कृषिविद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरींत गेली. एकच मनुष्य वाचला. पावसांत, धुक्यांत त्या दरींत दोर सोडून उतरलेल्यांत महाबळेश्वरचे आणि आसपासचे गिर्यारोहक तरुण होते. त्यांचा पोटाचा धंदा दुसराच. हें काम त्यांनीं फुकट केलें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्यांचें कौतुक वाचून आम्ही हळहळलों. त्यांस कोणीं शिकविलें, सरावाचा दोर कोणाच्या पैशानें आला, हें तेव्हांही कोणीं विचारलें नाहीं.

पैशाविषयीं एक शब्द. शिकलेला शिक्षक महाग पडतो, आणि दहा मुलांमागें एक दिला तर अधिकच महाग पडतो. वर्गणी दुप्पट होईल. ज्यांस ती झेपत नाहीं अशा घरांचें काय, हा प्रश्न खरा आहे. त्याचें उत्तर शाळांनीं आणि शासनानें द्यावें. परंतु ज्या घरांत मुलीच्या शिकवणीवर वर्षाला हजारों रुपये जातात तेथें ही सबब आम्ही ऐकून घेणार नाहीं.

आमच्या त्या गृहस्थांची मुलगी सुखरूप आली. तिनें सांगितलेली हकीकत ऐकून ते पुन्हां आमच्याकडे आले. स्वर थोडा खालीं होता. मुलगा हिंवाळ्यांत उत्तरकाशीच्या प्रवेशासाठीं अर्ज करणार आहे; त्याआधीं महिनाभर कुडपणला राहावें, असें आम्हीं सुचविलें आहे. त्यांच्या खिशांत पुढच्या शिबिराचें पत्रक होतें, खालीं पालकाच्या सहीची जागा. पत्रकांत बसचा प्रकार दिला आहे, तीन वेळच्या जेवणांतील पदार्थ दिले आहेत, धबधब्याचें रंगीत चित्र आहे. शिकविणाराचें नांव कोठेंही नाहीं. सही करावी कीं नाहीं, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं पत्रक परत त्यांच्या हातीं दिलें आणि कोपऱ्यांतला टेलिफोनचा नंबर दाखविला.