चाकातली हवा

मोटारीच्या चाकांत साधी हवा भरावी की नायट्रोजन वायू, हा प्रश्न आजकाल पेट्रोल पंपावर वारंवार ऐकू येतो. साधी हवा तेथे बहुधा फुकट मिळते. नायट्रोजनला पैसे पडतात. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती कितपत खरी आहे, हे तपासून पाहणे योग्य होईल.

वातावरणातील कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. म्हणजे साधी हवा भरणारा मनुष्यही मुख्यतः नायट्रोजनच भरत असतो!

मग शुद्ध नायट्रोजनचा काहीच उपयोग नाही काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. विमानाचे ब्रेक अतोनात तापतात. अशा वेळी चाकात प्राणवायू असला, तर स्फोटाचे व आगीचे भय असते. १९८६ साली मेक्सिकोतील एका विमानाच्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा भरली होती. उड्डाणानंतर तापलेले ते चाक फुटले, विमानास आग लागली आणि आतील सर्व १६७ माणसे प्राणांस मुकली. विमानास नायट्रोजन आवश्यकच आहे.

परंतु मोटारीची गोष्ट निराळी. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकन नियतकालिकाने २००६-०७ मध्ये टायरांची वर्षभर परीक्षा घेतली. आरंभी प्रत्येक टायरात दर चौरस इंचास ३० पौंड दाब होता. वर्षाअखेरीस साध्या हवेचा दाब सरासरी ३.५ पौंडांनी, तर नायट्रोजनचा २.२ पौंडांनी उतरला. नायट्रोजन सावकाश निसटतो, हे यावरून दिसते. पण तोही निसटतोच. खिळा रुतला, तर तोही बाहेर पडतो.

टायर फुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे उतरलेला दाब. दाब कमी झाला की टायर अधिक चेपतो, त्याच्या बाजू सारख्या वाकतात, तो तापत जातो आणि अखेर भर वेगात फुटतो. त्या क्षणी गाडीतील सर्वांचे प्राण संकटात सापडतात.

म्हणून ज्याला परवडेल त्याने नायट्रोजन खुशाल भरावा. मात्र तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासापूर्वी, चाके थंड असताना दाब मोजून घ्यावा. साधी हवा भरून ही काळजी घेणारा मनुष्य, नायट्रोजन भरून ती विसरणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित असतो. वायू विकत मिळतो. दक्षता मात्र ज्याची त्यानेच बाळगावी लागते.