जुने अंक नुसते ठेवायचे की वाचता यायचे?

वार्तापत्राचे जुने अंक शाळेच्या संकेतस्थळावर ठेवावेत, ही कल्पना स्तुत्य आहे. मात्र जुनी फाइल उघडून ती एचटीएमएल म्हणून साठवली की झाले, असे कुणी समजू नये.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हा ठरावाचा भाग. १९९०च्या दशकात डीटीपीसाठी वापरलेल्या बहुतेक मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. तो फॉन्ट नसला की पानावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. बडोद्यात तर त्याच फाइलला गुजराती फॉन्ट लागला की आणखी तिसरेच! युनिकोडमध्ये देवनागरीला आणि गुजरातीला १२८-१२८ स्वतंत्र घरे आहेत, त्यामुळे ही सरमिसळ होत नाही.

म्हणून पहिले काम युनिकोडमध्ये रूपांतराचे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलट. रूपांतर करणारी आज्ञावली येथेच अडखळते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक पुसला गेला, तर गुरुजींचा सत्कार स्वयंपाक्याच्या नावे जमा व्हायचा!

दुसरे काम, फाइल यूटीएफ-८मध्ये साठवणे आणि पानाच्या आरंभीच तसे नोंदवणे. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. नोंद चुकली तर एका अक्षराची तीन भलतीच चिन्हे दिसतात, पण नोंद सुधारली की मजकूर परत येतो. नोटपॅडमध्ये 'एएनएसआय' निवडून साठवले, तर सहसा नुसती प्रश्नचिन्हे उरतात. तो मजकूर गेलाच.

काही पालक म्हणतील, पाने स्कॅन करा, स्वस्तात होईल. मूळ पानाचे चित्र जरूर ठेवावे. पण नुसत्या चित्रात आजोबांचे नाव शोधता येत नाही, आणि अंध वाचकाला संगणक ते वाचून दाखवू शकत नाही.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांचे जाळे उभारले. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्या नगरीतल्या मराठी शाळेने आपलाच मजकूर वाचता न येण्याजोगा ठेवावा, हे शोभत नाही.

विश्वस्त मंडळाला विनंती, की या कामासाठी थोडी रक्कम मंजूर करावी आणि मूळ फाइलींची प्रत न बदलता जपावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून एकेक अंक तपासावा. नावे अचूक आहेत की नाहीत, हे यंत्र सांगणार नाही. ते आपल्याच माणसांना ठाऊक असते, आणि ती माणसे आहेत तोवरच हे काम उरकले पाहिजे.