नकाशाचा रंग आणि गरिबाचे घर

शहराचा विकास आराखडा ही वस्तू आमच्या बहुतेक वाचकांनी कधी डोळ्यांनी पाहिलेली नसते; तिचे परिणाम मात्र ते जन्मभर भोगीत असतात. नकाशात ज्या जमिनीला हिरवा रंग दिला ती शेतीची आणि जिला पिवळा दिला ती राहण्याची. हिरवी जमीन पिवळी झाली म्हणून मातीत कणभर फरक पडत नाही, विहिरीचे पाणी वाढत नाही, बांधही सरकत नाही. पण गुंठ्याचा भाव कोठल्या कोठे जातो. ही वाढ कोणाच्या घामाची? शेतकऱ्याने नांगर धरून ती केली नाही आणि इमारती बांधणाऱ्या शेटजीनेही केली नाही. ती सरकारच्या कलमाने झाली आणि शहर उभे करणाऱ्या सर्व कष्टाळू लोकांमुळे झाली. तेव्हा तिच्यातला वाजवी हिस्सा ज्यांना घर नाही त्यांच्या घरांसाठी पडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सरकारही हे तोंडाने कबूल करते. करणी मात्र कशी असते, ते मुंबईच्या गिरणगावाकडे पाहावे.

साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, रत्नागिरीच्या किती घरांतला एकेक कर्ता माणूस त्या गिरण्यांनी घेतला, याची मोजदाद कोणी करावी! त्याच कामगारांसाठी ‘दीनबंधू’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवून दिली. पुढे १९८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर एकामागून एक गिरण्यांची धुराडी थंड झाली. मागे उरली सुमारे ६०० एकर जमीन, आणि तीही मुंबईच्या मध्यावर.

१९९१ च्या नियमावलीत या जमिनीसाठी नियम ठरला. मालकाला जमीन दुसऱ्या कामी लावायची असेल तर ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग मैदाने-बागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश सामान्यांच्या घरांसाठी ‘म्हाडा’ला आणि उरलेला मालकाला. हिशेब सरळ होता. ६०० एकरांतले ४०० एकर लोकांकडे आले असते. परंतु २००१ साली त्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, असा अर्थ ठरला. ज्या जागेवर साचेखाते, गोदाम, शेड उभी, ती वाटणीतून वगळली. उद्या ती पाडून सपाट केली तरी ती मोकळी म्हणून धरायची नाही! गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते तरी किती? एका शब्दाने शेकडो एकर हातचे गेले.

दप्तरातल्या एका शब्दाने शेत कसे जाते, हे आमच्या पणजोबांना चांगले ठाऊक होते. शाहू महाराजांनी १९१८ साली करवीरात कुळकर्णी वतने खालसा केली ती काही उगीच नव्हे. आज वतन गेले, दप्तर मात्र राहिले. आणि ते आता कोणा एका जातीच्या हातात आहे असे म्हणून आम्हांस सुटता येणार नाही. बहुजनांच्या नावाने मते घेणारे, आमच्याच आळीत वाढलेले पुढारी त्या दप्तराशेजारी बसलेले असतात. कोणता पट्टा पिवळा होणार हे त्यांच्या सोयऱ्यांना शेतकऱ्याच्या आधी कसे कळते, हे त्यांनीच सांगावे.

गिरणीच्या जमिनीचा वाद कोर्टात गेला. २००५ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. २००६ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. २००५ सालीच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना विकली होती. कामगारांसाठी घरांची पहिली सोडत निघाली २०१२ साली, सुमारे ७ हजार घरांची. घरासाठी अर्ज करणारे कामगार व वारस मात्र दीड लाखाहून अधिक. २०२४ साली सरकारने बाकीच्यांना कर्जतच्या वाटेवरची शेलू आणि वांगणी दाखविली. ज्याने परळात आयुष्य काढले त्याच्या मुलाने पोटापाण्यासाठी रोज तेथून मुंबई गाठावी! २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार भर पावसाळ्यात आझाद मैदानावर जमले ते यासाठी.

आता दुसरी बाजू पाहा. शहरात भाडे परवडत नाही म्हणून सुतार, गवंडी, हमाल शहराच्या कडेला एखादा गुंठा स्टँपपेपरवर विकत घेतो आणि पत्र्याचे घर बांधतो. जमीन हिरव्या पट्ट्यातली, म्हणून तो ‘अनधिकृत’ ठरतो. त्याच्यासाठी गुंठेवारीचा कायदा झाला, तोही २००१ सालीच. त्यात गरिबाने तडजोड शुल्क भरावे, विकास शुल्क भरावे, मग त्याचे घर नियमित व्हावे. एकाच वर्षी, एकाच राज्यात, गिरणीमालकाला नियम बदलून जमीन मिळाली आणि गुंठेवाल्याला घर टिकविण्यासाठी पैसे मोजावे लागले! दोघांसाठी कायदाच वाकविला. पण एकाच्या पदरात पडले आणि दुसऱ्याच्या पदरचे गेले.

२०१३ साली मोठ्या शहरांसाठी नियम झाला की ४ हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे एकरभर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधणाऱ्याने २० टक्के बांधकाम अल्प उत्पन्नवाल्यांच्या घरांसाठी द्यावे. नियम चांगला आहे. परंतु मर्यादा एकराची असल्याने तुकडे पाडून निसटण्याची वाट उघडीच राहिली. आमची मागणी अशी की, जमिनीचा पट्टा बदलताच, मग ती पाच गुंठे असो की पन्नास एकर, मोकळी असो की शेडखालची, गरिबांच्या घरांचा वाटा पूर्ण जमिनीवर मोजावा; तो त्याच जागी द्यावा; आणि ती घरे उभी राहिल्याशिवाय मालकाच्या मनोऱ्याला राहण्याचा परवाना देऊ नये.

सरकार हे आपण होऊन करील असे आम्हांस वाटत नाही. म्हणून शहराजवळच्या गावांनी एक गोष्ट आजच धरावी. आराखड्याची किंवा त्यातल्या फेरबदलाची नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्रात लागते. ती दिसताच सातबाऱ्याचा उतारा आणि गट नंबर घेऊन नगररचना कचेरीत जावे, आपल्या जमिनीला कोणता रंग दिला आणि शेजारच्या बंगलेवाल्याच्या जमिनीला कोणता, हे नकाशावर बोट ठेवून विचारावे. हरकत लेखी द्यावी; पोच मिळाल्याशिवाय पायरी उतरू नये. मराठी नीट वाचणारा एक मुलगा किंवा मुलगी प्रत्येक गावाने या कामी नेमावी. मुदत बहुधा तीसच दिवसांची असते, आणि त्यांतले आठ-दहा दिवस तर बातमी गावात पोचेपर्यंतच जातात.