जेवणाची वेळ आणि मधुमेह

उष्मांक तेवढेच असतील तर अन्न सकाळी नऊला खाल्ले काय आणि रात्री साडेदहाला खाल्ले काय, आरोग्याला सारखेच, असे मत अनेक जाणकार ठामपणे मांडतात. या मताला आधार आहे, आणि तो आधी मान्य केला पाहिजे. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांचे उष्मांक सारखेच घटवले होते. एका गटाने फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच खायचे होते. वर्षअखेरीस वजन, रक्तदाब, साखर यांपैकी कशातही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

एवढ्यावरून वेळेला महत्त्वच नाही असे मात्र ठरत नाही. उष्मांक कडकपणे कमी केले की त्याचाच परिणाम इतका मोठा असतो की वेळेचा वाटा त्याखाली झाकला जाऊ शकतो. तो पाहायचा तर वजन न घटवता पाहावा लागतो. अमेरिकेतील अलाबामा राज्यात नेमके तेच केले गेले. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना पाच आठवडे दिवसाचे सगळे खाणे सहा तासांत, दुपारी तीनच्या आत संपवायला सांगितले. त्याच पुरुषांनी आणखी पाच आठवडे तेवढेच अन्न बारा तासांत विभागून खाल्ले. वजन कायम राखले गेले. तरी लवकर जेवण्याच्या काळात इन्सुलिनचा परिणाम सुधारला आणि रक्तदाब उतरला. माणसे आठच होती, हे खरे. पण प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होती, म्हणून हा निकाल सहज बाजूला सारता येत नाही.

कारणही शरीरातच आहे. मेंदूतील मुख्य घड्याळ उजेडावर चालते. यकृतासारख्या अवयवांची घड्याळे जेवणाच्या वेळेवरही जुळतात. रात्री मेलाटोनिन वाढते आणि ते इन्सुलिनच्या स्रावाला आवर घालते. त्यामुळे तोच भात रात्री उशिरा खाल्ला तर साखर अधिक चढते आणि उतरायला वेळ लागतो. २०२१ च्या एका अमेरिकी प्रयोगात १९ निरोगी व्यक्तींना रात्रपाळीसारखे जागवले गेले. रात्री खाणाऱ्यांची साखर वाढली. रात्री जागूनही केवळ दिवसा खाणाऱ्यांची वाढली नाही. रात्रपाळीच्या कामगारांसाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे.

महाराष्ट्रात वाद रंगला तो वेगळ्याच प्रश्नावर: दर दोन तासांनी थोडे खावे, की दोनदाच जेवावे? प्राग येथील २०१४ च्या अभ्यासात ५४ मधुमेहींना सारख्याच उष्मांकांचा आहार बारा आठवडे सहा वेळांत आणि बारा आठवडे दोन वेळांत दिला. दोन वेळांत वजन आणि उपाशीपोटीची साखर अधिक घटली. त्यामुळे सतत काहीतरी खात राहण्याचा सल्ला मधुमेहींसाठी टिकत नाही. पण दोन जेवणांच्या समर्थकांनीही एक तपशील नजरेआड करू नये: प्रागची ती दोन जेवणे म्हणजे न्याहारी आणि दुपारचे जेवण. सकाळी नुसता चहा घेऊन दुपारी दोनला आणि रात्री दहाला जेवणाऱ्याने या अभ्यासाचा दाखला देऊ नये.

वेळ पाळली की काहीही खाल्लेले चालते, हा दुसऱ्या टोकाचा दावाही तितकाच चुकीचा आहे. किती आणि काय खाल्ले याला पहिले स्थान आहेच.

कल्याण-डोंबिवलीच्या घरात लोकलने माणूस नऊला पोहोचतो. दिवसभर चहा-बिस्किटांवर काढल्यावर भात, आमटी, पोळ्या असे भरपेट जेवण दहानंतर होते. अशा माणसाला जैनांच्या चौविहाराप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणे जमणार नाही. पण सकाळी पोटभर न्याहारी, दुपारच्या डब्यात मुख्य जेवण, संध्याकाळी निघण्यापूर्वी कार्यालयातच पोळी-भाजी आणि घरी आल्यावर फार तर वाटीभर ताक किंवा सूप, एवढे जमण्याजोगे आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घेतल्याशिवाय वेळा बदलू नयेत. साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका असतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांना तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टराने काय खाता याबरोबरच रात्री किती वाजता जेवता हेही विचारावे आणि केसपेपरवर लिहून ठेवावे.