माळ्यावरचा डिस्को

गेल्या महिन्यात सुट्ट्या जोडून यवतमाळला गेलो होतो. पुण्याहून रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये आंबून घरी पोचतो न पोचतो तोच आईनं फर्मान काढलं, "माळा साफ करायचाय, भंगारवाला येणार आहे."

माळ्यावरून निघालं काकाचं खोकं. चाळीसेक कॅसेट्स आणि बंद पडलेला कॅसिओ. काका ऐंशीच्या दशकात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. लग्नं, गणपती, गॅदरिंग... सगळीकडे. एका कॅसेटवर त्याच्या अक्षरात लिहिलेलं, 'जिमी जिमी'. मी शहाणपणा केलाच.

"काका, ही फ्रेंच गाण्याची कॉपी आहे, माहितेय का?"

"कॉपी कायची रे? लोकायले नाचवाचं होतं, नाचवलं आम्ही."

आता माझी माहिती बरोबर होती बरं का! जुनं युरोपियन डिस्को आणि सिंथ उकरत बसणं हा माझा रविवारचा उद्योग. 'डिस्को डान्सर' १९८२ चा. त्यातल्या 'जिमी जिमी'ची चाल ओटावान या फ्रेंच जोडीच्या १९८० च्या 'ते ओके' वरून उचललेली. त्या गाण्याच्या कर्त्यांपैकी एक दानिएल वांगार्द, म्हणजे डाफ्ट पंकमधल्या थोमा बांगाल्टेरचे वडील. त्यांची चाल आमच्या दत्त चौकातल्या वरातीत वाजत होती राव!

गंमत म्हणजे त्याच १९८२ साली मुंबईत उलटा प्रकार चालला होता. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत वाजवणारे वादक. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. ३०३ हे खरं तर गिटारवाल्याला बेसची साथ द्यायला काढलेलं खोकं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. मला तर त्यात मींडच ऐकू येते.

एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, ती फारशी खपली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. पुढे तो मुंबईत सिंग यांना भेटला आणि २०१० साली ती रेकॉर्ड त्यानं पुन्हा काढली. मग एकच गलका: शिकागोचं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' १९८७ चं, आणि त्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत अ‍ॅसिड हाउस! सिंग उतारवयात युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये गेले.

मला या 'शोध लागला' शब्दाचा राग येतो. बाउमनचा नाही, त्यानं कान दिला, पैसे टाकले, माणूस गाठला. पण सिंग काही हरवले नव्हते. मुंबईतच होते. आपणच विचारलं नाही. आणि माझ्यासारखे लोक युरोपातून महागड्या रेकॉर्ड्स मागवतात, घरचं खोकं मात्र भंगारात!

असो. दुपारी शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर आणला आणि ती कॅसेट लावली. ऑर्केस्ट्रा नाहीच. माझा आवाज! वय वर्षं नऊ, १९९६ च्या वर्ल्ड कपची कॉमेंट्री. "सचिऽऽन... चाऽऽर!" काकाच्या कार्यक्रमावर मी स्वतः रेकॉर्ड केलेलं. त्यानं तेव्हाही मला काही म्हटलं नव्हतं.

कॉमेंट्री संपली, खर्रर्र झालं आणि शेवटी जेमतेम चार मिनिटं उरलेली सापडली. ठेका, शिट्ट्या, कॅसिओ. आणि 'जिमी जिमी'च्या मधेच काकानं सरळ लावणीतली एक जागा घेतली. ती फ्रेंच गाण्यात नाही, सिनेमातही नाही.

"हे मी वाजवलं व्हय?" काका म्हणाला आणि पुन्हा लावायला सांगितलं.

तर मंडळी, येत्या शनिवारी एक करा. घरचं खोकं खाली काढा. साधा टेपरेकॉर्डर, हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपपर्यंत एक वायर आणि ऑडॅसिटी, एवढंच लागतं. बुरशी आलेली कॅसेट आधी लावू नका, हेड खराब होतं. आणि सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेचे ते दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे तिच्यावर कुणाला काही भरता येत नाही.

मी मोडले. तीसेक वर्षं उशिरा.