श्रीलंकेची बॅग भरण्याआधी

श्रीलंकेला निघालेली माणसं आधी हॉटेल बुक करतात आणि मग पावसाची चौकशी करतात. क्रम अगदी उलटा हवा. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो, बेन्टोटा, गॉलच्या किनाऱ्याला झोडपून काढतो, तेव्हा पूर्वेचं त्रिंकोमाली बहुतेक कोरडं असतं. डिसेंबर-जानेवारीत पाऊस पूर्वेकडे सरकतो. म्हणून आधी महिना, मग किनारा, हॉटेल शेवटी. बेट उष्ण म्हणून नुसते सुती कपडे भरू नका. नुवारा एलिया सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे आणि रात्री तिथे स्वेटर लागतोच. कँडीच्या दंतमंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर काढायच्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं हा तिथे मोठा अपमान समजतात. मुलांना हे घरूनच समजावून न्या. पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ला, देशभर सुट्टी असते आणि दारूविक्री बंद असते. प्रवासाची परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच घ्या, सारख्या दिसणाऱ्या दलालांच्या साइटवर पैसे भरू नका. तिथे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट सर्रास असतात, तेव्हा अडॅप्टर हवा. सिंहराजाच्या पावसाळी जंगलात जळवा असतात. पँट लांब मोज्यांत खोचून चाला. आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा डासांचं मलम सकाळीच लावा. मुलांना तर न विसरता.